अकरावीतलं नावाड्याचं पुस्तक

अकरावीच्या वर्षी मला एका जागी बसवत नसे. जेवताना अर्ध्यातून उठायची, अभ्यासाला बसले की ओसरीवरून घरामागच्या परड्यात आणि परड्यातून ओसरीवर फेऱ्या मारायची. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लावलीया का गं तुज्या?" तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची आणि आमच्या गावातून तिथवर पोचलेल्या मुली दोनच होत्या, मी आणि माझी एक मैत्रीण. शाळा तासगावात होती. ओढ्याच्या कडेनं, मग द्राक्षांच्या नव्या बागांमधून आम्ही दोघी चालत जायचो. ती आपली शांतपणे चालायची. मी पुढं जायची, मग थांबायची, मग परत पुढं जायची.

त्या जूनमध्ये इंग्रजीला नवे सर आले. साताऱ्याचे, वयानं अगदीच तरुण, शर्टाला कडक इस्त्री. त्यांच्या बोलण्यात 'आहे'मधला 'ह' नीट ऐकू यायचा, म्हणून मागच्या बाकावरची मुलं त्यांची नक्कल करायची. आधीच्या गुरुजींची पद्धत सरळ होती. ते एक ओळ इंग्रजीतून वाचायचे, तिचं मराठी सांगायचे, आम्ही ते पेन्सिलीनं ओळीच्या वर लिहायचो. प्रश्नांची उत्तरं गाइडात असायची. ती पाठ केली की झालं.

पाठ्यपुस्तकाबरोबर एक पातळ पुस्तक असायचं. त्याला रॅपिड रीडर म्हणत. विलायतेतली एखादी जुनी, नावाजलेली कादंबरी थोडक्यात आणि सोप्या इंग्रजीत करून त्यात छापलेली असे. त्या वर्षीची कादंबरी एका नावाड्याची होती. मोठ्या नदीवर त्याची नाव चालते. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा. आपल्या मागं मुलानं नाव चालवायची हे बापानं त्याच्या जन्मापासून ठरवून टाकलेलं. एके सकाळी मुलगा एकटाच नाव घेऊन पलीकडच्या काठावर जातो, ती तिथं एका झाडाला बांधतो आणि शहराकडं चालायला लागतो. बाप पोहत जाऊन नाव परत आणतो. घरी येऊन मुलाची खुर्ची अंगणात काढतो आणि जाळून टाकतो. त्या दिवसापासून घरात मुलाचं नाव काढायचं नाही.

सरांनी पहिल्याच धड्याला पुस्तक मिटलं आणि विचारलं, "त्यानं नाव पलीकडं का बांधली? सोडून दिली असती तर वाहून गेली असती. मग बांधली का?"

आम्हाला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, हे परीक्षेला येत नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले. "तरी सांग."

तो खाली बसला. तास संपला. घरी जाताना तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मैत्रिणीला म्हटलं, "का बांधली असंल गं?" ती म्हणाली, "चल बाई लवकर, धारंची वेळ झाली."

माझा थोरला भाऊ, दादा, त्याच उन्हाळ्यात फौजेत भरती झाला होता. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत असायचा, आणि आबांनी दादाला शाळेत असल्यापासून पहाटे उठवून पळवलेलं होतं. भरतीत निवड झाली त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले. स्टँडवर त्याला सोडायला अर्धी आळी गेली होती. दादा मात्र गाडीच्या खिडकीतून कुणाकडंच बघत नव्हता.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी तो दारात उभा राहिला. अंगावर कुणाचा तरी सैल शर्ट, हातात काहीही नाही. आबा ओसरीवर दावं वळत बसले होते.

"रजा हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"मला तितं जमंना, आबा. झोपच लागत न्हाई."

आबांनी दावं खाली ठेवलं. "बिनारजेचा आलास? म्हंजे भगोडा."

फौजेतून पळालेल्याला भगोडा म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण आबांच्या तोंडून तो शब्द कसा पडला ते कळलं. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. आबा म्हणाले, "पानी पिऊन जाऊ दे त्याला." दादा पाणी प्यायला आणि गेला. संध्याकाळच्या गाडीनं तो आटपाडीला मामाकडं पोचला, हे आम्हाला मागाहून कळलं.

डिसेंबर लागला आणि पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. चावडीवर रेडिओभोवती माणसं जमायची. गावातली पोरं दोन्ही आघाड्यांवर होती. बायका विहिरीवर एकमेकींना विचारायच्या, तुजा कुठं हाय, काय कळलं का. आई तिथं गेली की बोलणं थांबायचं. आबांनी चावडीवर जाणं सोडलं. घरात दादाचं नाव कुणी काढत नव्हतं. आबांनी तसं सांगितलंही नव्हतं. पण आई ताट वाढताना चौथं ताट उचलायची आणि परत मांडणीत ठेवायची, ते मी बघायची आणि उठून परड्यात जायची.

त्याच दिवसांत वर्गात नावाडी खुर्ची जाळतो ते प्रकरण आलं.

सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला, 'बापानं केलं ते बरोबर का?' आणि म्हणाले, "गाइडात काय आहे ते मला माहीत आहे. बाप कडक पण स्वाभिमानी होता, असं आहे. तुमचं सांगा."

मुलं एकापाठोपाठ उठली आणि बरोबर म्हणाली. लढाईचे दिवस होते, सगळ्यांच्या अंगात जोर होता. आमच्याच गावचा एक मुलगा उठला. त्याचा चुलता आघाडीवर होता. त्यानं मुलींच्या बाकाकडं तोंड करून म्हटलं, "पळपुट्याला कसलं घर, सर?"

वर्गातल्या निम्म्या मुलांना आमचं घर माहीत होतं. कुणीतरी हसलं. सरांना काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "ठीक आहे. पण तो का पळाला?"

मी उभी राहिले. का राहिले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बसवतच नव्हतं, एवढंच. मी इंग्रजीतून म्हणाले, "सर, ही हिमसेल्फ डझ नॉट नो." मग इंग्रजी संपलं, आणि मी मराठीत सुरू झाले. म्हणाले की त्याचं त्यालाच माहीत नसेल तर तो बापाला काय सांगणार. बापानं विचारलंच नाही. खुर्ची जाळायला वेळ होता, मग विचारायला का नव्हता? माझा आवाज एवढा चढला होता की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन बघून गेले.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "बस. हे उत्तर आहे." वर्गात कुणी हसलं नाही. मी बसले.

गोष्ट गावात माझ्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आबा शाळेच्या व्हरांड्यात उभे दिसले. डोक्याला पांढरा पटका, अंगात फौजेतला खाकी स्वेटर. सरांना बोलावणं गेलं. मी खांबाआड उभी होते.

"मास्तर, तुमी वर्गात माज्या घराची चर्चा करता म्हनं," आबा म्हणाले.

सर गोंधळले. "आपलं घर? नाही हो. आम्ही पुस्तकातल्या बापाची चर्चा केली."

"त्या बापानं काय केलं?"

सरांनी गोष्ट थोडक्यात सांगितली. सांगता सांगता त्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांचा आवाज हळू होत गेला. माझ्याकडं त्यांची नजर गेली आणि परत आबांकडं वळली. "मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "असतं तरी हा प्रश्न मी विचारलाच असता. पण तिच्यासमोर असा नसता विचारला."

मला वाटलं, आता आबा शाळा बंद करणार माझी. त्यांनी पटका सारखा केला. मग म्हणाले, "ते बुक काय हाय ते मला ऐकायचंय. पोरगी वाचून दावंल." आणि गेले.

त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर आबा ओसरीवर घोंगडं टाकून बसले आणि म्हणाले, "वाच." मी एक परिच्छेद इंग्रजीतून वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची. "त्यो म्हातारा नावाडी लय खाष्ट व्हता. पर नदी त्याला तोंडपाठ व्हती." वर्गात तो माणूस विलायतेतला होता. ओसरीवर तो कृष्णाकाठचा झाला.

आबा मधेच थांबवायचे. "त्याची बायकू कुठं हाय?"

"वारलीया."

"म्हंजे त्याला आवरनारं कुनी न्हाई."

आतून चुलीपासून आई म्हणाली, "आवरनारं असून तरी काय उपेग?"

आबांनी तिकडं पाहिलं नाही. "फुडं वाच," म्हणाले.

खुर्ची जाळली तिथं आबा म्हणाले, "बरोबर केलं." मी वाचायची थांबले. "बरोबर केलं," ते परत म्हणाले, जरा मोठ्यानं, जणू मी नाही म्हटलं होतं.

पुढच्या काही संध्याकाळी असंच चाललं. शेवटच्या प्रकरणात खूप वर्षांनी मुलगा पलीकडच्या काठावर येतो, हाक मारतो, बाप नाव घेऊन जातो, दोघं मिठी मारतात. एका पानात सगळं संपतं. मी पुस्तक मिटलं. आईनं डोळे पुसल्याचं मला दिसलं.

"खोटं हाय ह्ये," आबा म्हणाले. "इतकी वर्सं गप बसल्याला मानूस एका हाकंत नाव सोडतोय व्हय? आसं नसतंय."

मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "आपलं पुस्तक मुळातलं बरंच गाळून केलेलं आहे. मूळ कादंबरी मीही कॉलेजात एकदाच वाचली, आता आठवत नाही. बघू." त्यांचा एक मित्र सांगलीच्या कॉलेजात शिकवायचा. पुढच्या सोमवारी सर एक जाडजूड, तपकिरी बांधणीचं पुस्तक घेऊन आले. त्याच्या पानांना ओलसर वास होता आणि अक्षरं मुंग्यांएवढी.

शाळा सुटल्यावर मी, मैत्रीण आणि सर रिकाम्या वर्गात बसायचो. मैत्रीण सोबतीला यायची आणि खिडकीतून एसटी स्टँडकडं बघत बसायची. शेवटाच्या आधी एक अख्खं प्रकरण होतं, आमच्या पुस्तकात नसलेलं. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. सर शब्दकोश माझ्याकडं सरकवायचे आणि स्वतः गप्प बसायचे. मला घाई व्हायची, पुढं काय ते आधी सांगा म्हणायची. ते म्हणायचे, "नाही. आधी हे वाक्य."

प्रकरण असं होतं. मुलगा शहरात आजारी असल्याचं बापाला एका उतारूकडून कळतं. बाप नाव बांधतो आणि पावसातून दिवसभर चालत शहरात जातो. मुलाच्या घराच्या पायरीवर उभा राहतो. बुटांचा चिखल पायरीच्या कडेला नीट पुसतो. आणि परत फिरतो.

"लेखकानं बापाला काय वाटलं ते कुठं लिहिलंय?" सरांनी विचारलं.

मी शोधलं. परत शोधलं. "कुठंच न्हाई, सर."

"मग आपल्याला कसं कळलं?"

मी म्हणाले, "बूट पुसले. म्हंजे आत जायचं ठरलं होतं."

"आणि?"

"आणि गेला न्हाई."

सरांनी शब्दकोश मिटला. मैत्रीण खिडकीपासून वळून आमच्याकडं बघत होती.

ते प्रकरण मी घरी वाचलं तेव्हा आबा दावं वळत होते. मी पायरीपर्यंत आले.

"पुसलं बूट?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आन माघारी फिरला?"

"व्हय, आबा."

ते उठले आणि गोठ्यात गेले. बराच वेळ बैलांना वैरण टाकल्याचा आवाज येत राहिला, जरुरीपेक्षा जास्त. आई आतून बाहेर आली, माझ्याकडं पाहिलं, परत आत गेली. नंतर आठवडाभर आबा या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. लढाई संपली होती. गावातलं एक पोरगं पायात गोळी लागून दवाखान्यात होतं, बाकीच्यांची खुशाली येत होती. माझं अभ्यासात चित्त नव्हतं. मला वाटायचं, आपण हे वाचून घोळ केला. मग वाटायचं, नाही, बरं केलं. मग परत परड्यात फेऱ्या.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी आबांनी पटका बांधला आणि मला म्हणाले, "चल. आटपाडीला जायाचंय. माज्याशी बोलला न्हाई तर तुज्याशी तरी बोलंल."

एसटीत ते खिडकीशी बसले. विट्याच्या पुढं हिरवं संपलं. खुरटी बाभळ, मेंढरं, लांबपर्यंत उघडी जमीन. मामाचं घर गावाबाहेर रानात होतं. दादा विहिरीवर मोटेमागं होता. आम्हाला बघून त्यानं बैल थांबवले, पण जागचा हलला नाही. त्याची दाढी वाढली होती, गाल बसले होते.

मामा लगबगीनं पुढं आला. "दाजी, या की. बसा."

"बसाया न्हाई आलो," आबा म्हणाले. मग दादाकडं वळून, "कापडं घे. उद्या फौजेच्या सेंटरला जायाचं."

दादाचा चेहरा पांढरा पडला. "आबा, मी माघारी न्हाई जानार. कापा मला, पर—"

"तितं ऱ्हा म्हनतोय का मी? पळून आलास ते चुकलं. सायबाम्होरं उबा ऱ्हा आन तोंडानं सांग, मला जमत न्हाई. मी संगट हाय. शिक्षा देतील ती घ्यायची. मग घरला यायाचं."

"घरला?"

"मग कुठं जानार?" आबा जवळजवळ ओरडले.

दादा मला आत घेऊन गेला. पिशवीत कपडे कोंबता कोंबता त्यानं हळूच विचारलं, "खरं म्हनत्यात का गं? का तितं नेऊन सोडून देतील मला?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हणाले, "मला ठाऊक न्हाई, दादा. पर तू चल." त्यानं पिशवीची गाठ दोनदा मारली आणि दोनदा सोडली. मग चालू लागला.

रात्र घरी काढून दुसऱ्या दिवशी दोघं मिरजेहून रेल्वेनं गेले. निघायच्या आदल्या रात्री आईनं चार ताटं मांडली. काही दिवसांनी आबा एकटेच परत आले. आई दारातच थांबली होती.

"बोलला," आबा म्हणाले. "सायबाम्होरं उबा राहून बोलला."

"आन आता?"

"कोंडलंय. सोडतील." ते ओसरीवर बसले. "गाडीत माज्या खांद्यावर झोपला गं त्यो. मिरजंपासनं उतरंपतोर. मला म्हनला व्हता, झोप लागत न्हाई." मग त्यांनी पटका सोडून तोंडावर धरला आणि मी बाहेर निघून गेले, कारण मला ते बघवेना.

दादा फेब्रुवारीच्या शेवटाला आला. डोक्यावर बारीक कापलेले केस, हातात फौजेतून नाव कमी केल्याचा कागद. गावाचं बोलणं काही थांबलं नाही. पिठाच्या गिरणीत कुणीतरी आबांना ऐकू जाईल असं 'भगोडा' म्हणालं. आबा वळून म्हणाले, "व्हय, पळाला व्हता. माघारी बी गेला." आणि डबा घेऊन निघून आले. हे गिरणीवाल्यानं आईला सांगितलं. आबांनी घरी कधीच सांगितलं नाही.

आबांचं मन त्या पुस्तकानं वळलं असं मी म्हणणार नाही. गावातले एक रिटायर सुभेदार त्याच दिवसांत त्यांच्याकडं येऊन बसत आणि असा गैरहजर राहिला तर पोराला जन्मभर तोंड लपवावं लागेल, असं समजावत. आई रोज रडत होती. बहुतेक सगळ्यानं मिळून झालं असेल. मी एकदा विचारायचं धाडस केलं, तर आबा म्हणाले, "बुकं वाचून कुनी पोराला आनाय जातंय व्हय?"

मार्चात परीक्षा झाली. रॅपिड रीडरवर बापाच्या स्वभावाचाच प्रश्न आला. सरांनी बजावून सांगितलं होतं की गाळलेलं प्रकरण लिहू नका, तपासणाऱ्याला कळणार नाही. मी 'कडक पण स्वाभिमानी' असं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. वेळ संपत आला. शेवटी मी पायरी आणि बूट दोन ओळींत लिहून टाकले. इंग्रजीत मार्क बेताचे पडले. ते त्या दोन ओळींमुळं की स्पेलिंगमुळं, कोण जाणे. सर पुढच्याच वर्षी साताऱ्याला गेले. निरोप घ्यायला मी गेले तेव्हा ते ट्रंक बांधत होते. आबा कसे आहेत, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बरे आहेत. आणि ते गाठ मारेपर्यंत दोरीचं दुसरं टोक धरलं.

दादानं तासगावच्या एका बागायतदाराकडं द्राक्षाचं काम शिकून घेतलं आणि आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात वेल लावले. आबांना ते पसंत नव्हतं. त्यांना ऊस हवा होता. पुढं छाटणीला काडीवर किती डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, ठेवायचे यावरून दोघं बांधावर उभे राहून एवढे भांडायचे की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. कधी कधी आबा रागानं निघून जायचे, मग तासाभरानं परत येऊन तेच बोलणं जिथं सोडलं तिथून सुरू करायचे.

मी इंग्रजी घेऊन सांगलीच्या कॉलेजात गेले. जायच्या दिवशी दादानं माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. आबा आले नव्हते. त्या दिवशी पाण्याची पाळी आमची होती आणि ते वेलांना पाणी देत होते.